चिठ्ठीची सरपंच आणि अथेन्सचा दगड

सुमनकाकूचं नाव आधी घेते, मग बाकीचं सांगते. आज अथेन्समध्ये माझे पाय टेकलेत ते तिच्यामुळे. फोनवर असं म्हटलं की ती म्हणते, "म्या काय केलं वो? तुले नुसतं उभं केलं."

निघाले त्या दिवशी हिंगणघाटच्या स्टँडवर तीच आली होती. आईला घरातून पाऊल उचलवलं नाही. काकूनं पिशवीत ज्वारीचं पीठ कोंबलं आणि म्हणाली, "तिकडं गेली का खाली पाहून बोलू नको." मी आठवीत शाळा सोडलेली. नागपुरात एका घरी आजीबाईंची सेवा करायचे, त्यांच्याच ओळखीनं हे काम मिळालं. इथं एलेनी नावाच्या म्हाताऱ्या शिक्षिकेला सांभाळायचं. त्यांना 'किरिया' म्हणते, म्हणजे आपल्याकडचं बाई.

पहिल्याच आठवड्यात रस्त्यावर उभ्या रेघांचे खांब दिसले आणि मी थबकले. अल्लीपूरजवळच्या आमच्या गावात पंचायतीची नवी इमारत झाली, तेव्हा गवंड्यानं दारात असेच दोन खांब केले होते, सिमेंटचे. "असे काऊन?" विचारलं तर म्हणाला, "हापिसाले असेच राह्यते." पुढं थोडी भाषा आल्यावर किरियांना हे सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, आधी इथले, मग रोमचे, मग इंग्रजांचे, मग तुमचे.

त्याच इमारतीत काकू सरपंच होती. तहसीलमध्ये काचेच्या बरणीतून शाळेतल्या पोरीनं चिठ्ठी काढली आणि पद बायांसाठी राखीव झालं. काकू उभी राहिली, निवडूनही आली, तरी पानठेल्यावरचे तिला 'चिठ्ठीची सरपंच'च म्हणायचे. काकू म्हणे, "चिठ्ठीनं खुर्ची भेटते भाऊ, बसणं शिका लागते." ग्रामसभेत तिनं मला पुढं बसवलं. बोलायचं तर उभं राहायचं, पूर्ण नाव, वॉर्ड, मग मुद्दा, हा तिचा नियम. आमच्या गल्लीत नळ येत नव्हता. उभी राहिले, नाव-वॉर्ड सांगितला आणि बोलले. नळ आला.

इथं राहण्याचा पक्का परवाना हवा, तर परीक्षा द्यावी लागते. भाषा, इतिहास, राज्यकारभार. तो कागद असेल तरच मला आईला भेटून निर्धास्त परत येता येणार होतं. किरिया रोज भाजी निवडताना शिकवायच्या. एकदा त्यांनी म्युझियममध्ये नेलं. तिथं एक दगड आहे, त्यावर फटींच्या रांगा. जुन्या काळी या फटींत लोकांच्या नावाच्या पट्ट्या खोचायच्या आणि नशिबानं न्यायाला बसणारे पंच निवडायचे. कारभारीसुद्धा पुष्कळसे असेच, चिठ्ठीनं ठरायचे. मला बरणीच आठवली. मग किरिया हळूच म्हणाल्या, "यात तुझी-माझी पट्टी नव्हती. बायकांना आणि परक्यांना जागाच नव्हती."

तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न आला आणि मी खुर्चीतून उठले. ओढणी सावरली, माझं नाव, बाबांचं नाव, गाव, वॉर्ड नंबर तीन, सगळं सांगितलं. समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्यातल्या बाई हसून म्हणाल्या, "बसून बोललं तरी चालेल." मी म्हटलं, "उभं राहूनच येतं मला." मग विचारलं, जुन्या अथेन्समध्ये कारभारी कसे निवडत? मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये दगड सांगितला, आमची बरणी सांगितली, काकू सांगितली. त्यांनी विचारलं, ही पद्धत चांगली का? मी काकूचं ते खुर्चीचं वाक्यच सांगितलं. बाईंनी ते मला पुन्हा म्हणायला लावलं.

पास झाले. काकूला फोन केला तर ती म्हणाली, "वॉर्ड काऊन सांगतला वो? तिथं कोण ओळखते तीन नंबर?"

कोणी नाही ओळखत, काकू. पण उभी राहिले की तोंडात तेच येतं. माझं घर आता तेवढंच, कुठंही बोलायला उठले की आधी तोंडून निघणारं.

काकू नागपूरच्या पुढं कधी गेली नाही. तिचे गुडघे चालते आहेत तोवर मी तिला इथं आणीन. त्या दगडासमोर उभी करीन आणि तिला तिचं पूर्ण नाव, वॉर्डासकट, मोठ्यानं सांगायला लावीन.