हजेरीची भाजी

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या शाळेचा दुसरीचा वर्ग दिसतो, तिथलं बोलणंही ऐकू येतं. सकाळी इकडे मी भाजी चिरत असते, तिकडे हजेरी चाललेली असते. त्या वर्गाच्या बाईंनी मोठी गंमत केली आहे. नाव पुकारलं की नुसतं ‘हजर’ म्हणायचं नाही, आज आपण कोणती भाजी आहोत तेही सांगायचं. कुणी कोवळी मेथी असतं, कुणी चिकट भेंडी. एकजण कायम बटाटा, कारण त्याचं सगळ्यांशी जमतं.

आज सईचं नाव आलं. ती खाली मान घालून म्हणाली, “कारलं.”

कुणी हसलं नाही. बाईंनीही खोदून विचारलं नाही. पुढचं नाव रेहानचं होतं. तो दप्तर उचलून सईशेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, “हजर बाई. मी गूळ.”

“अरे, गूळ काय भाजी आहे?” मागून कुणीतरी ओरडलं.

“नाहीये. पण कारल्यात लागतो ना!”

माझी विळी थांबली. आमच्या घरात ‘काय झालं?’ला ‘काही नाही’ हेच उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं.

संध्याकाळी हे कपाळाला आठ्या घालूनच घरात शिरले. मी विचारलं, “आज कोणती भाजी?”

“केली असशील ती वाढ.”

“तसं नाही. तुम्ही कोणती?” आणि मी त्यांना सकाळचं सगळं सांगितलं.

ते चपला काढून कोचावर टेकले. मग म्हणाले, “सुरण. लांब राहा, खाजेल.”

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, “असू दे. खाजेवर मी आमसूल.”