राऊटरच्या जाळीवर भस्म

केजच्या बसस्टँडसमोर पयलं सायबर कॅफे काढलं ते श्रीशैलनं. दुसऱ्या कुणाचं नाव सांगणाऱ्याला काईच माहीत न्हाई. शिवलिंगप्पा किराणावाल्याचं धाकटं पोरगं, पर डोकं असं की तालुक्यात जोड न्हाई. मोबाईलवर आलेल्या फोनलाबी पैसे पडायचे, त्या काळात यानं पुण्याहून जुना राऊटर आणला. समद्या कॉम्प्युटरला नेट वाटून देणारा डबा. गार राहावा म्हणून त्याच्या पोटात पंखा, बाजूला जाळी.

त्या दिवशी मात्र ह्याच श्रीशैलच्या तोंडचं पाणी पळालं.

दुकानासमोर फळांचा गाडा लावणाऱ्या मुनिराखालाच्या पोरीचा, आरजूचा, निकाह व्हता. नवरदेव साजिद सौदीला, सुट्टी मिळेना. काजीसाहेब म्हणले, "नुसता फोन चालत न्हाई. आवाज कुणाचाबी असतो, तोंड दिसलं पायजे." श्रीशैलनं छाती ठोकली, "आपल्याकडं कॅमेरा हाय की!" दुसऱ्याच दिवशी साजिदला वाळवंटातल्या कामावर धाडणार व्हते. तिथून कवा परतंल, नेम न्हाई.

पडद्यावर साजिद दिसला. एकदा "कबूल है" म्हणला, दुसऱ्यांदा म्हणला, अन् तोंड उघडं ठिवून तसाच गोठला. नेट गेलं.

श्रीशैलनं डब्याला हात लावला. तापला तवा!

"क्या हुआ रे बेटा?"

"जरा गरम झालंय, खाला. आत्ता व्हतंय."

बंद करून चालू केलं. साजिद आला, ओठ हलले, गेला. टेबलफॅन आणून लावला, तरी तेच. मागून आरजूचा फकीरमामा म्हणला, "याच्यापरीस एसटीडीचा बूथ बरा व्हता बे!" काजीसाहेब खाली बघत म्हणले, "तिसरं कबूल आल्याबिगर मला पुढं जाता येत न्हाई."

खालानं नव्या लुगड्याचा पदर दातात धरला. श्रीशैलला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्या जिभेनं पोरीचा संसार मोडला!

त्यानं डब्याला कान लावला. पंख्याची घरघरच न्हाई. स्क्रू काढून झाकण उचललं. पंख्यावर पांढरा गाळ, गच्च. बोट लावून नाकाशी नेलं. भस्म!

गल्ल्यावर बसलेली त्याची माय शांतादेवी रोज सकाळी दुकान उघडलं की गल्ल्याला भस्माचे पट्टे ओढायची, मग डब्याला. नेमके जाळीवर. अन् पंखा ते रोज आत ओढीत व्हता.

"माय, हे काय करून ठिवलंस गं!"

"देवाचंच लावलं की. मशीनला काय कपाळ नसतं?"

खालानं केसातली पिन दिली. गाळ निघाला, पर पंखा हलंना, जळाला व्हता. टेबलफॅन उघड्या डब्यावर वळवला, तर लाईटच गेली. बॅटरीवर एक कॉम्प्युटर अन् डबा चालायचा, बस; फॅन न्हाई.

शांतादेवीनं खालाच्या गाड्यावरचा पुठ्ठा टराटरा फाडला. एक तुकडा स्वतःला, एक खालाला. दोघी दोन बाजूंनी वारा घालाया लागल्या, चूल फुंकावी तशा, घामानं निथळत.

साजिद दिसला. काजीसाहेब घाईनं पुढं सरकले.

"कबूल है."

पडदा काळा झाला. डबा त्यानंतर उठला न्हाई.

नवा डबा आला तवा शांतादेवी भस्म घिऊन उभी राहिली. श्रीशैलनं जाळीवर तळवा धरला. तिनं भस्माची बोटं बाजूच्या भिंतीला पुसली.