इस्त्रीकाकांनी इंजिन धुतलं

इस्त्रीकाकांची तीस वर्षं लाँड्रीत गेली. समोरचा बोलायला लागला की काका आधी त्याची कॉलर बघत, मग तोंड. कुठलाही मळ निघतो आणि लाँड्रीची खूण काही केल्या निघत नाही, या दोन गोष्टींवर त्यांचा देवाहून जास्त विश्वास होता. कॉलरच्या आत काळ्या शाईने घातलेला नंबर शर्ट फाटेपर्यंत टिकतो. उलट मळ गेला की जास्तच उठून दिसतो.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्या एकुलत्या लेकीची जुनी मोटार उभी होती. भंगारात निघालेली ती गाडी नव्यासारखी करायची, असं बापलेकीनं ठरवलं होतं. लेकीनंच बापाला पाना धरायला शिकवलं. मग तिचं दुखणं निघालं. अंगातली ताकद जायला लागली तसं तिनं पांढऱ्या मार्करने इंजिनावरच लिहून ठेवलं, कारण पुढचं सगळं बापालाच करायचं होतं. ‘बाबा, हे आधी सोड.’ ‘इथे घाई नको.’ ‘पाठ सांभाळ रे, बाबा.’ शेवटचे बारा दिवस तिच्या घशात नळी होती. त्यामुळे तिचे शेवटचे शब्द म्हणायचे तर हेच. फोटो काढून ठेवावा, हे कुणाला सुचलंही नाही.

काकांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, लेक गेल्यापासून आठ महिने त्या शेडकडे फिरकल्या नव्हत्या. एका सकाळी चहाचा कप पुढे करत त्या म्हणाल्या, “अहो, आज इंजिन काढताय ना? दुपारी येते मी. मला तिचं अक्षर बघायचंय.”

काकांना काय करू नि काय नको असं झालं. शेजारच्या मेकॅनिकला घेऊन त्यांनी ऑइल काढलं, वायरी सोडवल्या, लेकीनं लिहिलेल्या क्रमाने बोल्ट सैल केले आणि चेनपुलीने इंजिन वर ओढलं. कुठेही न अडकता ते बाहेर आलं.

“पोरीनं चोख लिहिलंय,” मेकॅनिक म्हणाला. इंजिन लाकडी ठोकळ्यांवर बसवून तो जेवायला निघाला. “काका, हात लावू नका हं. आल्यावर धुऊ.”

पण गप्प बसतील तर ते इस्त्रीकाका कसले! आठ महिन्यांची धूळ तेलावर बसून अक्षरं मळकट झाली होती. बायकोला लेकीचं अक्षर असं दाखवायचं? त्यांनी रॉकेल ओतलं, ब्रश घेतला आणि कॉलर घासतात तसं गोल गोल घासलं. मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. इंजिन लखलखीत झालं. त्यावर एकही अक्षर नव्हतं.

आधी त्यांना वाटलं, वाळल्यावर दिसेल. फुंकर मारून पाहिली, चष्मा पुसला. करायला गेलो काय आणि झालं काय! मार्कर फळीवरच होता. तो उचलून त्यांनी टोपणही काढलं. पण स्वतःचं वेडंवाकडं अक्षर लेकीचं म्हणून तिच्या आईला दाखवायचं, एवढं पाप त्यांच्याने होईना.

काकू केस नीट विंचरून आल्या.

“कुठाय?”

“इथे होतं गं,” काका म्हणाले. “मी धुतलं. मला वाटलं, उजळेल.”

काकू ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “काय लिहिलं होतं, ते तरी सांगा.”

काकांना सगळं तोंडपाठ होतं. कोऱ्या धातूवर बोट ठेवत त्यांनी एकेक ओळ म्हणून दाखवली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, “माझ्यासाठी काही होतं?”

नव्हतं. सगळीकडे बाबा, बाबा आणि बाबाच. पण आता पडताळून बघायला काही उरलंच नव्हतं.

“होतं,” काका म्हणाले.

“काय?”

लेकीनं आईला काय लिहिलं असतं? काका ओला ब्रश उचलून ते धुतलेलंच इंजिन पुन्हा घासायला लागले.

काकूंनी त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला. “राहू द्या. तुम्हाला खोटं कधी जमलंय?” एवढं म्हणून, आठ महिन्यांत पहिल्यांदा, त्या इंजिनावर डोकं टेकून मोठ्याने रडल्या.