भोंगेमामांची तपासणी

भोंगेमामांना गुपित सांगितलं, तर ते दिग्रसच्या स्टँडवर उभ्या पुसदच्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं. आवाजच तसा. असा गळा असताना या माणसानं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान का काढावं, हे मला कधी उमगलं नाही. गावात दुसरा लाउडस्पीकर नव्हता, हे मात्र खरं. बाकीच्यात मीठमसाला माझा.

भोंगा लावला की आधी तपासायचा, हा मामांचा नेम. लग्न असो की कीर्तन, पाव तास ‘हॅलो, हॅलो’ चालायचं. नवरदेव घोड्यावर पेंगायचे.

आमच्या पुऱ्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, नळ नव्हता. बाया घागरी घेऊन पार कापसाच्या जिनिंगच्या विहिरीवर जायच्या. तेवढ्या नळासाठी साठ-एकसष्टच्या सुमारास मामा नगरपालिकेला उभे राहिले. समोर जिनिंगवाले शेठजी. शेठजींनी मतदानापर्यंत भोंगाच भाड्यानं घेऊन टाकला. मामांनी निमूट दिला. धंद्याला ते नाही म्हणत नसत.

शेठजींच्या पहिल्याच सभेत मामा माइकपाशी गेले. “हॅलो, हॅलो. आमच्या पुऱ्यात नळ नाही. मांगच्याइले आयकू येते काय?”

येते, म्हणून मागचे ओरडले. शेठजी लालबुंद.

“भोंगा तुमचाच हाय, शेठजी,” मामा म्हणाले. “मी तं फक्त तपासून राह्यलो.”

दुसऱ्या दिवशी मामांना मनाई झाली. शेठजींचे मुनीमजी यंत्राशी घामाघूम होईस्तोवर झटले. पण ते यंत्र चापटीशिवाय बोलत नसे, आणि चापट कुठं मारायची ते एकट्या मामांना ठाऊक. पुन्हा बोलावणं आलं. पुन्हा पाव तास नळ.

मामा सात मतांनी पडले. सारा पुरा तोंड पाडून बसला, आणि मामा भोंगा पुसत होते. शेठजींच्या विजयसभेला तोच लागणार होता. जाऊ नका, मी म्हटलं.

“काहून? तपासाले दुसरा कोन हाय?”

सभेत त्यांनी पाव तास घेतलाच नाही. “हॅलो, हॅलो. पुऱ्यात नळ कवा येते, थे आता शेठजी सांगतीन.” आणि खाली बसले. सारा बाजार शेठजींकडे पाहू लागला. गळ्यात हार असलेल्या शेठजींना होळीचा वायदा करावा लागला.

होळीला नळ आला. पाणी मात्र पाहुण्यासारखं, मनात आलं तर. पुढच्या निवडणुकीत कुणीतरी विचारलं, नळ तर मिळाला मामा, आता कायले उभे राहता? मामांनी तोटी फिरवली, तिला कान लावला, आत “हॅलो, हॅलो” केलं. काहीच आलं नाही. ते तडक अर्ज भरायला निघाले.

तेव्हाही पडले. आता मामा नाहीत. पण पुऱ्यातल्या बाया कोरडी तोटी फिरवतात, तेव्हा नगरपालिकेकडे तोंड करून अजून मोठ्यानं म्हणतात, “हॅलो, हॅलो.”