बॉनेटमधला कापूस

पाच एकर कापूस, एक जुनी पांढरी गाडी आन् नाकाच्या शेंड्यावर राग, एवढीच माझी इस्टेट. गाडी बंद पडली की मी आधी गाडीला शिव्या देतो, मग गॅरेजवाल्याला, मग घरच्यांना. त्यामुळं त्या दिवशी बोरीच्या पुढं जे घडलं ते सांगायची मला लाजच वाटती. पण चांगुणाबाई कोण हायत ते सांगायचं तर हे सांगावंच लागतंय.

चांगुणाबाई आमच्या शेतात कापूस येचायला येतात. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळीसंगं सहा महिने बाहेर. तोडीला दोघांचा मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला कुणी घेत न्हाई. नवरा वारला तशी त्यांच्या जोडीला लेक पंकजा उभी राहिली. मधी दोन वर्षं बाईंनी भावजय जोडीला घेतली आन् पोरीला नर्सिंग करायला लावलं. आता आरोग्यखात्याच्या भरतीचा पेपर होता, परभणीला. पेपर झाला तर निकाल लागेस्तोवर पंकजा घरी ऱ्हाणार आन् बाई शेजारच्या सुकेशनीला जोडीला घेणार. पेपर हुकला तर सोमवारी टोळी निघाली की पंकजाच्या हातात परत कोयता. इतकं साधं होतं ते.

त्या सकाळी एसटी आलीच न्हाई. सातला मायलेकी माझ्या दारात.

"भागवतभाऊ, नऊला परीक्षेचं फाटक बंद करत्यात म्हणं."

दसऱ्यापासून गाडी मरगळल्यासारखी चालायली होती, म्हणून मी कुरकुर केली. बायकोनं, राजेश्रीनं, माझ्याकडं नुसतं बघितलं. मी चावी घेतली.

जिंतूर ठीक गेलं. बोरी मागं पडली आन् गाडी आचके द्यायला लागली. ॲक्सिलेटर दाबला की गुदमरायची, सोडला की रांगायची. थोड्या चढावर पार बंद. आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

मी जिंतूरच्या नागेशला फोन लावला. माझी गाडी तोच बघतो. तो म्हणला, "सेन्सर गेला आसंल. टोचन लावून वढत आना, उद्या बघू." उद्या! मी फोनवरच त्याचा उद्धार केला. दोन जीपांना हात केला, दोन्ही खचाखच भरलेल्या. मागं पंकजा हॉलतिकीट मांडीवर धरून बसली होती. ते बघून मला जास्तच चीड आली. मी टायरला लाथ घातली. लागलं ते मलाच.

चांगुणाबाई खाली उतरल्या.

"भाऊ, एकडाव चालू करा. आन् जरा रेस द्या."

मी दिली. गाडी घरघरली आन् मेली.

"ह्याचं नाक कुठं हाय?"

"नाक? अहो, गाडीला कुठं नाक आसतंय व्हय!"

"हवा आत घ्यायची जागा हो. टोळीच्या ट्रॅक्टरला वर नळकांडं आसतंय. उसाच्या पाचटाचा भुसा बसला की त्योबी असाच दम टाकतोय. डायवर काढून झटकायचा, की लागला चालायला. लय डाव बघितलंय मी."

त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून मी बॉनेट उघडलं. खरं तेच सांगतो. बाईंनी पदर खोचला आन् नळ्यांवरून नजर फिरवायला लागल्या. एका काळ्या डब्याच्या तोंडाशी पांढरा धागा लोंबत होता. त्यांनी दोन बोटांत धरून वढला. धागा न्हवता तो, कापूस होता. वढंल तसा यायला लागला.

डब्याला चार चिमटे होते. सहा वर्षं गाडी वापरतोय, पण तो डबा मी कधी उघडला न्हवता. चिमटे काढून झाकण उचललं, वरची जाळी बाजूला केली आन् आतून एक उंदरीण उडाली. बाईंच्या मनगटावरून खाली, रस्ता वलांडून, बाभळीखालच्या बांधाच्या भेगेत. डबा कापसानं ठासून भरला होता. आन् त्यात पाच पिलं. अंगठ्याच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली.

कापसात गव्हाचे वाळलेले कोंब गुतलेले बघून माझं डोकं भणाणलं. दसऱ्याला गाडीची पूजा करून घटातलं धान मीच बॉनेटच्या फटीत खोचलं होतं, खालच्या दाण्यांसकट. आन् गाडी उभी करत होतो पत्र्याच्या शेडात, कापसाच्या गंजीला लागून. उंदरीण दाण्यासाठी आली, कापूस बघून ऱ्हायली. चूक सगळी माझीच.

"फेका ते!" मी हात घातला.

"थांबा भाऊ."

त्यांनी दोन्ही हात खालून घातले आन् सगळं घरटं अल्लाद उचलून पदरात घेतलं. घड्याळात आठ पंचवीस.

"बाई, तिकडं पोरीचं फाटक बंद व्हायलंय आन् तुमी इथं उंदरिणीचं बाळंतपण करायलात!" मी वरडलोच.

त्या रागावल्या न्हाईत. रस्ता वलांडला, उंदरीण जिथं शिरली त्या भेगेच्या तोंडाशी घरटं ठिवलं, वरून कापसाची कड मुडपली आन् पळत माघारी आल्या. मी जाळी झटकून डबा लावला तवर त्या गाडीत बसल्याबी होत्या. चावी फिरवली. गाडी गुरगुरली आन् सुसाट सुटली. मला विश्वासच बसंना.

झरी मागं पडल्यावर त्या बोलल्या.

"ही झाली तवा आमी उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत होतो. चवथ्या दिशी ऊस सरला, मुकादमानं कोप्या उठवल्या. थंडी लय होती. हिच्या बापानं मला आन् हिला अंथरुणासकट उचलून ट्रॉलीत ठिवलं. हिच्या अंगावरचं फडकंबी हलू दिलं न्हाई. म्हणून वाचली वो."

आरशात बघितलं तर पंकजानं मायच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. मी ॲक्सिलेटर अजून दाबला. कपाळकरंटा मी.

आठ चोपन्नला फाटकापाशी पोचलो. पंकजा आत पळाली. मागं फाटक लागलं आन् चांगुणाबाई तिथंच खाली बसल्या. मी चहा आणला. दोन घंटे त्यांनी फाटकावरची नजर काढली न्हाई. पोरगी बाहेर आली ती हसत आली.

माघारी येताना त्या बाभळीपाशी मी आपणहून गाडी थांबवली. तिघं बांधावर गेलो. कापूस तसाच होता, पिलं न्हवती.

"कावळ्यानं नेली वाटतं."

बाईंनी वाकून बघितलं. "कावळा आसता तर कापूस इस्कटला आसता. मायनं नेली. एकेक करून, तोंडात धरून."

"म्हंजी पाच खेपा?"

"लेकरं पाच, तर खेपा पाच." त्यात नवल काय, असा त्यांचा चेहरा. मला मात्र कधी न्हाई ते हात जोडावं वाटलं. त्या भेगेला जोडू का ह्या बाईला, ते कळंना. मी जोडले न्हाईत.

चांगुणाबाईंनी तो कापूस भेगेत आत सारला. मग पदरानं डोळे पुसले आन् उठल्या.

"चला भाऊ, बिगीनं. सोमवारी निघायचंय, आन् सुकेशनीला मी अजून इचारलंबी न्हाई."