निम्म्या कंपनीची सही

ती मिसिंगची तक्रार मी आजही विसरलेलो नाही. नाशिकला आमच्या ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक तरुण बाई उभी होती. नवरा जुन्या मित्राशी बोलायला म्हणून पुण्याहून नाशिकला आला आणि त्याचा फोन बंद झाला. "साहेब, त्यांना दमा आहे. पंप घरीच राहिलाय," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

नावं सांगणार नाही. नवऱ्याला नोकरीवाला म्हणू, मित्राला बागवाला. दोघं इथंच नाशिकला इंजिनीअरिंगला एका खोलीत राहिलेले. द्राक्षबागेला पाणी कधी द्यायचं हे सांगणारं यंत्र त्यांनी बनवलं, कंपनी काढली आणि चहा पिता पिता शेअर वाटून घेतले, निम्मे-निम्मे. पुढे लग्न झाल्यावर नोकरीवाला पुण्यात पगारावर रुजू झाला. निम्मी कंपनी मात्र त्याच्याच नावावर राहिली. बागवाला एकटा राबला. धंदा उभा राहिला तेव्हा गुंतवणूकदारानं अट घातली, काम सोडून गेलेल्याचे शेअर आधी परत घ्या. नोकरीवाला अडून बसला. मूळ कल्पना माझी, असं त्याचं म्हणणं, आणि तेही खोटं नव्हतं.

बागवाल्याकडे चौकशी केली तर म्हणाला, "तो आलाच नाय माझ्याकडं." चेहरा अगदी सरळ. सरळ चेहऱ्यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण हातात पुरावाही नव्हता.

त्यांच्या कॉलेजजवळच्या मेडिकलवाल्याला आमच्या हवालदारानं फोटो दाखवून ठेवला होता. त्याचा फोन आला. "साहेब, हा नाही आला. पण ह्याचा दम्याचा पंप ह्याचा रूममेट घेऊन गेला. दोघांनाही ओळखतो मी."

बागवाल्याला ठाण्यात आणून बसवलं.

"पंप कुणासाठी घेतलास?"

"आईसाठी."

"तिला फोन लावू?"

मग तो फुटला. "साहेब, मी त्याला हात नाय लावला. जेवण दिलं, पंप दिला. शेअर परत दिल्याची सही केली की सोडणारच होतो. उन्हातान्हात बागा मी तुडवल्या आणि निम्मं त्याला? का म्हणून?"

"ठेवलाय कुठं?"

"आमच्या बागेत. औषधांच्या खोलीत."

मी स्वतः द्राक्षवाल्याच्या घरचा. मी उठूनच उभा राहिलो. "अरे, त्या खोलीत गंधकाची पोती असतील ना? त्या भुकटीनं दमेकऱ्याचा श्वासच कोंडतो!"

"अरे देवा," म्हणाला आणि खुर्चीवरून खाली बसला.

दिंडोरी रस्त्यानं गाडी पळवली. कुलूप तोडलं. दारावर धडका मारताना पोती फुटली असावीत, खोलीभर पिवळी भुकटी होती. तो दाराशीच पडलेला, नाडी लागत होती. सिव्हिलला पोचेपर्यंत तीही थांबली. बागवाल्याचा मला भयंकर संताप आला आणि कीवही आली. अपहरण आणि सदोष मनुष्यवध, दोन्ही कलमं लावताना हात मात्र थांबला नाही.

आमच्या गावात शेत वाट्यानं दिलं तर बोली सालाची असते. पुढच्या साली जो राबेल त्याचा वाटा. ही शिकलेली पोरं जन्माची वाटणी एका चहावर करून मोकळी होतात. ओळखीतलं कुणी कंपनी काढतो म्हणालं की मी विचारतो, उद्या एक जण सोडून गेला तर त्याच्याकडं किती राहणार? "काका, आम्ही मित्र आहोत," असं हसून सांगतात. अरे बाबांनो, मित्र आहात तोवरच हे बोलता येतं. नंतर आमच्यासमोर बसून बोलावं लागतं.

दोषारोपपत्र गेल्यावर ती बाई नवऱ्याचं घड्याळ आणि पाकीट न्यायला आली. पोचपावतीवर सही केली, पण उठेना.

"साहेब, वकील म्हणतात ह्यांचे शेअर आता माझ्या नावावर होणार," ती म्हणाली. "म्हणजे मी त्या माणसाची भागीदार?"