मांजरीचं नाजूक पोट

नागपूरच्या कायदे कौन्सिलवर टीका करणारी पत्रकं वाटायला मी शेगावच्या बाजारात जायचो. तिथे फुटाणेवाल्यासमोर एक पाटलीणबाई हमखास ठाण मांडून असत. त्यांच्या मांजरीला दूध सोसत नसे, म्हणून कोरडा खाऊ हवा. लाह्या चुरून बघत, मुरमुरा जिभेवर ठेवत. "खारट हाये. तिले ओकारी होईन." मागे फुटाणे घ्यायला आम्ही सगळे ताटकळत.

एकदा त्यांच्या शेतात तण निंदायला जाणारी बाई टोपली धरून उभी होती. म्हणाली, "बाई, तुम्ही देल्ली ते शिळी भाकर खाऊन पोट लय दुखून राह्यलं."

पाटलीणबाई लाह्याच निवडत राहिल्या.

माझं डोकं फिरलं. "मांजरीइतकी तरी काळजी करा हिची!"

"मांजरीले सांगता येते का, बापू?"

टोपलीवाली हळूच म्हणाली, "म्या तं सांगतलं ना, बाई."

पाटलीणबाईंनी दुसरी मूठ हुंगायला घेतली.